पणजोबांच्या अल्बमातली इजिप्तची देवळं: फोटो नक्की कधीचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका घरात जुन्या ट्रंकेत चामडी पुठ्ठ्याचा अल्बम सापडला. पणजोबा 1889 साली मुंबईहून बोटीने विलायतेला गेले होते आणि जाता-येता इजिप्तच्या देवळांचे पाच फोटो घेऊन आले, असं घरात सांगतात. एका फोटोवर 'ए. बेआतो' अशी सही आहे, एकाच्या मागे मोडीत 'एरमंट' असं काहीसं लिहिलंय. हे फोटो 1889चे धरायचे का, काढले कोणी, आणि त्या काळात लोक देवळांच्याच एवढे मागे का लागले होते?

जुन्या फोटोंची जपणूक आणि नोंदणी हेच माझं 25 वर्षांचं काम. तुम्ही पाठवलेल्या प्रती नीट पाहिल्या. सरळ उत्तर आधी देतो: पाचांपैकी एकही खात्रीने 1889चा म्हणता येणार नाही. एक त्याच्या तीसेक वर्षं आधीचा आहे आणि एक किमान 13 वर्षं नंतरचा. तरीही घरची गोष्ट खोटी आहे असं नाही. जुन्या फोटोला तीन तारखा असतात आणि आपण त्या एकात कालवतो. कॅमेऱ्यातली निगेटिव्हची काच उजेडाला कधी उघडली ती पहिली. त्या काचेवरून कागदावर प्रिंट कधी काढली ती दुसरी. आणि ती प्रिंट तुमच्या घरात कधी आली ती तिसरी. पणजोबांचं 1889 ही फक्त तिसरी तारीख आहे, आणि तीसुद्धा पाचही फोटोंना लागू होत नाही.

आधी पणजोबांचा प्रवास बघू. सुएझ कालवा 1869 साली सुरू झाला. त्यानंतर मुंबईची बोट सुएझला शिरायची आणि पोर्ट सैदला बाहेर पडायची. पोर्ट सैदला कोळसा भरायला बोट थांबली की प्रवासी गावात उतरत, आणि फोटोंची दुकानं त्यांची वाट बघत असत. झांगाकी नावाचे ग्रीक बंधू आणि आर्नू नावाचा फ्रेंच माणूस यांचा तिथे चांगला जम बसला होता. कर्नाक, लक्सर, फिले ही ठिकाणं तिथून शेकडो मैल दक्षिणेला, नाइलच्या काठी. तेव्हा पणजोबांनी ती देवळं डोळ्यांनी पाहिली असतीलच असं धरून चालू नका. बहुतेकांनी ती पाहिली नाहीत, नुसती विकत घेतली. आपण आज काशीला न जाता काशीच्या घाटाचं कॅलेंडर भिंतीला लावतो, तसंच.

आता 10 पटीचं भिंग घ्या आणि प्रिंट खिडकीशी न्या. ऊन थेट नको, बाजूने येणारा उजेड हवा. कागदाचे तंतू दिसतात, पण वर पातळ, किंचित चकाकणारा थर आहे, पांढऱ्या जागा पिवळसर पडल्यात आणि सावल्या जांभळट तपकिरी आहेत, असं दिसलं तर ती अंड्याच्या पांढऱ्या बलकावर काढलेली अल्ब्युमिन प्रिंट. 1850 साली हा कागद आला आणि पुढची चाळीसेक वर्षं बाजार त्याचाच होता. तंतू दिसतच नाहीत, खाली गुळगुळीत पांढरा थर आहे आणि रंग काळा-करडा, तर ती जिलेटिनची प्रिंट. तिची चलती साधारण 1890 नंतरची. याउलट चमक अजिबात नाही आणि चित्र कागदात मुरल्यासारखं दिसतंय, तर ती मिठाच्या पाण्याच्या कागदावरची सॉल्ट प्रिंट. अशी सापडली तर लगेच जाणकाराला दाखवा. तुमच्या पाचांत ती नाही. चार अल्ब्युमिन आहेत, एक जिलेटिन.

ती जिलेटिनची, म्हणजे फिलेची प्रिंट आधी बाजूला काढू. त्यात ट्राजनचा मंडप दिसतो, चौदा खांबांचा, छप्पर नसलेला. त्या खांबांचे पाय पाण्यात आहेत आणि एक होडी दोन खांबांमधून आत शिरतेय. तारीख इथेच सापडते. फिले हे अस्वानजवळचं बेट. 1902 पर्यंत ते कोरडं होतं आणि देवळांभोवती मातीच्या विटांच्या जुन्या वस्तीचे ढिगारे होते. 1902 साली अस्वानचं पहिलं धरण पूर्ण झालं. हिवाळ्यात पाणी अडवायचं आणि उन्हाळ्यात सोडायचं असा त्याचा क्रम. प्रवासीही हिवाळ्यातच येत, त्यामुळे त्यांना देवळं पाण्यात उभी दिसू लागली. पुढे धरणाची उंची दोनदा वाढवली आणि पाणी आणखी वर चढलं. शेवटी 1970च्या दशकात देवळं दगड-दगड सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर नेऊन उभारली. म्हणजे मंडपात होडी असलेला हा फोटो 1902च्या आधीचा असूच शकत नाही. घरातल्याच कोणीतरी नंतर आणून त्याच अल्बमात चिकटवला असणार. त्या पानावरचा डिंकही वेगळा दिसतोय, जरा बघा.

'ए. बेआतो' म्हणजे आंतोनियो बेआतो. त्याचा भाऊ फेलिचे आपल्याकडे जास्त ओळखीचा, कारण 1857च्या उठावानंतर लखनौचे फोटो त्याने काढले. आंतोनियोने 1860च्या दशकात लक्सरला दुकान टाकलं आणि मरेपर्यंत, म्हणजे 1906 पर्यंत तिथेच राहिला. गिऱ्हाईक येईल तशी तो त्याच त्या काचांवरून प्रिंट काढून विकत असे. त्यामुळे सही मिळाली म्हणून साल मिळालं असं होत नाही, चाळीस वर्षांचा पल्ला मिळतो. तो मेल्यावर त्याच्या दीडेक हजार काचा इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख गास्तों मास्पेरो याने कैरोच्या संग्रहालयासाठी विकत घेतल्या. फोटोवाल्याचा धंद्याचा माल सरकारी दप्तर झाला.

तुमचा बेआतो कर्नाकचा आहे, मोठ्या खांबसभेचा. तिथे 134 खांब आहेत, मधले बारा सुमारे 21 मीटर उंच. एक खांब शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलल्यासारखा कललाय, तो बघितलात ना? तो त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक फोटोवाल्याने टिपला. 3 ऑक्टोबर 1899 रोजी याच सभेतले अकरा खांब कोसळले. जॉर्ज लग्रँ नावाच्या फ्रेंच माणसाने पुढची कित्येक वर्षं ते उचलून पुन्हा उभे करण्यात घालवली. दुरुस्ती करताना आधी काय कुठे होतं हे पाहायला असे फोटो हाताशी असणं ही केवढी सोय, याची कल्पना करा. तुमचा फोटो कोसळण्याआधीचा आहे, एवढं नक्की. त्याहून नेमकं साल सांगायचं तर काचेवरचा क्रमांक वाचावा लागेल, आणि तो तुमच्या प्रतीत कापला गेलाय.

लक्सरचा फोटो साधा आहे, पण त्यावरून माझी एक फजिती आठवली. कामात नवा होतो. एका संग्रहातल्या काचेच्या निगेटिव्हची नोंद करायला मला बसवलं होतं. मी काच उलट्या बाजूने स्कॅन केली आणि 'लक्सर, देवळाचं प्रवेशद्वार' अशी नोंद करून मोकळा झालो. दोन वर्षांनी एका इजिप्तच्या अभ्यासक बाईंनी ते चित्र पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पॅरिसचा खांब तुम्ही परत कधी आणलात?" प्रकार असा होता. लक्सरच्या दारापुढे दोन ओबेलिस्क होते, एकाच दगडातून घडवलेले उंच टोकदार स्तंभ. समोर उभं राहून पाहिलं तर उजवीकडचा 1830च्या दशकात फ्रान्सला नेला, तो आज पॅरिसच्या काँकॉर्ड चौकात आहे. मागे राहिला डावीकडचा. माझ्या स्कॅनमध्ये तो उजवीकडे उभा होता. म्हणजे सगळं देऊळच आरशात पडलं होतं आणि मला पत्ता नव्हता. चित्रलिपी वाचणाऱ्याला भिंतीवरच्या अक्षरांवरून हे लगेच कळेल असं वाटतं, पण ती लिपी दोन्ही दिशांनी कोरत, त्यामुळे नुसत्या तोंडाच्या दिशेवर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हापासून मी सवयच लावून घेतली आहे. लक्सरचा फोटो असला की स्तंभ डावीकडे आहे ना ते बघायचं. अबू सिंबेलचा असला की चार बैठ्या पुतळ्यांतला मोडका पुतळा डावीकडून दुसरा आहे ना ते बघायचं. सुरुवातीच्या चांदीच्या पत्र्यावरच्या फोटोंत, म्हणजे डागेरोटाइपमध्ये, चित्र मुळातच उलटं पडतं. तिथे हा घोळ फोटोवाल्याचा नाही, पद्धतीचाच आहे.

तुमच्या लक्सरच्या फोटोत स्तंभ जागेवर आहे. शिवाय दाराशी बसलेले राजाचे पुतळे छातीपर्यंत मातीत गाडलेले आहेत आणि मागे घरं दिसतात. देवळाच्या आत गावच वसलं होतं. मास्पेरोने ते हटवायला 1880च्या दशकाच्या मध्यावर सुरुवात केली, म्हणून हा फोटो त्याच्या आधीचा किंवा फार तर त्या सुमाराचा. एडफूचा फोटो याच्या नेमका उलट: अंगण स्वच्छ, भोवतीचे 32 खांब तळापासून मोकळे. पुरातत्त्व खात्याचा मास्पेरोच्या आधीचा प्रमुख मारिएत याने एडफू उकरायला घेतलं ते 1860 साली. त्याआधीच्या फोटोंत तिथले खांब वाळूत रुतलेले दिसतात आणि देवळाच्या छपरावर झोपड्या. त्यामुळे एडफू 1860 नंतरचं. त्यावर फार वेळ घालवू नका, अशा प्रिंट हजारोंनी विकल्या गेल्या.

आता देवळांच्याच मागे लोक का लागले, हे सांगतो. 1839 साली पॅरिसमध्ये डागेरच्या शोधाची, म्हणजे डागेरोटाइपची, वकिली करताना आरागो या शास्त्रज्ञाने उदाहरणच इजिप्तचं दिलं. थीब्ज, मेम्फिस, कर्नाक इथल्या देवळांवरची लाखो चित्राक्षरं हाताने उतरवायला चित्रकारांची फौज आणि कित्येक वर्षं लागतील, हे यंत्र असेल तर एका माणसाला ते जमेल, असा त्याचा मुद्दा. लोकांनी तो लगेच मनावर घेतला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ओरास व्हेर्ने आणि गुपिल-फेस्के कॅमेरा घेऊन अलेक्झांड्रियात उतरले होते. पण डागेरोटाइपची प्रत काढता येत नाही. एक पत्रा म्हणजे एकच चित्र. गिरो द प्राँजे याने 1842 ते 1845 या काळात पूर्वेकडच्या देशांतून शेकडो पत्रे नेले, आणि ते बराच काळ त्याच्या घरातच पडून राहिले.

खरी चाल मिळाली ती कागदी निगेटिव्हमुळे. मॅक्सिम द्यु काँ 1849 साली फ्रेंच सरकारचं कामगिरीपत्र घेऊन निघाला. बरोबर मित्र गुस्ताव्ह फ्लोबेर, जो पुढे मोठा कादंबरीकार झाला पण या प्रवासात बहुतेक वेळ कंटाळलेला होता. द्यु काँ फोटोग्राफी शिकला होता ल ग्रे या फ्रेंच फोटोवाल्याकडे, मेणकागदाच्या पद्धतीने. ती काही त्याच्या हाताला बसेना. भारताकडे निघालेला बॅरन द लाग्राँज वाटेत भेटला आणि त्याने ब्लँकार-एव्रारची ओल्या कागदाची पद्धत शिकवली, तेव्हा कुठे काम मार्गी लागलं. भारताच्या वाटेवरचा प्रवासी इजिप्तच्या फोटोग्राफीच्या कामी आला, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

द्यु काँच्या फोटोंत बऱ्याच ठिकाणी एक माणूस बसलेला किंवा उभा दिसतो. तो त्यांच्या बोटीवरचा नुबियन खलाशी हाजी इस्माइल. देवळाची उंची कळावी म्हणून द्यु काँ त्याला खांबाच्या पायाशी किंवा पुतळ्याच्या डोक्यावर चढवी. कागदी निगेटिव्हसाठी माणसाला दगडासारखं स्थिर राहावं लागे, आणि हाजी हलत असे. मग द्यु काँने त्याला सांगितलं की कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर उडेल. बिचारा हलला नाही. आपण त्या फोटोंना 'मापासाठी माणूस' म्हणून शाबासकी देतो तेव्हा तो माणूस भीतीने थिजलेला आहे, हे नोंदवहीत कुठेच लिहिलेलं नसतं. मी आता नोंदीत त्याचं नाव लिहितो. 1852 साली द्यु काँचे 125 फोटो अल्बमाच्या रूपात बाहेर पडले, प्रिंट ब्लँकार-एव्रारच्या लील शहरातल्या कारखान्यात काढलेल्या. स्वतः द्यु काँने मात्र बैरुतला पोचल्यावर सगळं सामान भरजरी कापडाच्या बदल्यात देऊन टाकलं आणि पुन्हा कॅमेरा हाती धरला नाही.

त्याच्या मागोमाग फेलिक्स तेनार आला, पेशाने इंजिनिअर. त्याची नजर सांध्यांवर, तड्यांवर, ढासळलेल्या चिऱ्यांवर आहे. आणि जॉन बीझली ग्रीन, पॅरिसमध्ये वाढलेला अमेरिकन पोरगा. तो उत्खननही करत असे. 1856 साली वयाच्या चोविसाव्या वर्षी मेला. माझं मत विचाराल तर या सगळ्यांत डोळा ग्रीनचा. त्याच्या फोटोत देऊळ कधी कधी क्षितिजावरचा ठिपका असतं, बाकी सगळी वाळू आणि आभाळ.

एक गोष्ट या सगळ्या फोटोंत सारखी आहे आणि ती वास्तूबद्दल आपली चक्क दिशाभूल करते. तेव्हाचं रसायन फक्त निळ्या आणि त्यापलीकडच्या उजेडाला जागं होई. म्हणून आभाळ कोरं पांढरं पडतं. आणि म्हणूनच फिलेच्या खांबमाथ्यांवरचा निळा रंग फोटोत फिकट, जवळजवळ पांढरा येतो, तर तांबडा आणि पिवळा गेरू काळवंडतो. देऊळ रंगीत होतं ते करडं झालं, शिवाय गडद-फिकट यांची अदलाबदल झाली. जुन्या फोटोवरून भिंतीचे रंग ठरवायला निघालेले लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

आता तुमचा पाचवा. एरमंट. यासाठीच मी एवढं लांबलचक लिहायला बसलो.

फोटोत एका छोट्या गाभाऱ्याभोवती उंच खांबांचा अर्धामुर्धा घेर आहे, आणि खालच्या कोपऱ्यात 'फ्रिथ' असं काचेवर कोरलेलं आहे. फ्रान्सिस फ्रिथ हा इंग्रज 1856 ते 1860 या काळात तीनदा इजिप्तला गेला. त्याची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायचं आणि लगेच अंधारात नेऊन धुवायचं. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कलोडियन म्हणजे इथर आणि अल्कोहोलमधलं द्रावण, आणि इथर 35 अंशांच्या आसपास उकळतं. नुबियाच्या उन्हात, बंद तंबूत काचेवर टेकताच ते फसफसायचं, असं फ्रिथनेच लिहून ठेवलंय. मग तो थंडाव्यासाठी थडग्यांत आणि देवळांच्या कोठड्यांत जाऊन काचा धुवायचा, वटवाघळांच्या सोबतीने. त्यातही त्याने 16 बाय 20 इंचांच्या काचा वापरल्या. तेव्हा मोठी प्रिंट हवी तर तेवढीच मोठी काच लागे. एवढ्या कष्टाचं फळ म्हणजे चिऱ्याच्या कडेवरचा छिन्नीचा घावसुद्धा दिसावा असा रेखीवपणा. कागदी निगेटिव्हच्या तंतूंत तो हरवतो.

एरमंट, आजचं अरमंत, लक्सरच्या दक्षिणेला नाइलच्या पश्चिम तीरावर आहे. तिथलं हे देऊळ शेवटच्या क्लिओपात्राने बांधलेलं जन्मगृह, मुलगा सिझेरियन याच्या जन्माशी जोडलेलं. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला ते पाडलं आणि त्याचे दगड साखर कारखान्याच्या कामाला लागले. आज तिथे ते नाही. नेपोलियनबरोबर आलेल्या चित्रकारांची आणि नंतर लेप्सियस या जर्मन अभ्यासकाच्या मंडळींची रेखाटनं आहेत, आणि द्यु काँ, तेनार, ग्रीन, फ्रिथ यांचे मोजके फोटो.

म्हणजे पणजोबांनी 1889 साली कुठल्याशा दुकानात जे देऊळ विकत घेतलं, ते पडून पाव शतक उलटलं होतं. दुकानदाराला ते ठाऊक होतं का, कोण जाणे. फ्रिथच्या कंपनीने त्याच्या काचांवरून पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढल्या, त्यामुळे तुमची प्रिंट 1857च्या सुमाराची नसून नंतरची असण्याचीच शक्यता जास्त. किमतीच्या दृष्टीने त्यामुळे ती खाली येते. अभ्यासाच्या दृष्टीने काच तीच आहे, देऊळ तेच आहे.

हा फोटो पानावरून सोडवायला जाऊ नका. सुरी नको, वाफ तर मुळीच नको. अल्ब्युमिनचा थर वाफेने तडकतो. प्लॅस्टिकचं आवरण किंवा चिकटपट्टी लावू नका. अल्बमाच्या पानांमध्ये आम्ल नसलेला पातळ कागद घाला, कसर लागलेली पानं वेगळी करा आणि ट्रंक पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका.

पान मागून सुटं आहे म्हणता, म्हणून ते मोडी तुम्हाला दिसलं. त्याचा बाजूने उजेड टाकून एक फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. 'एरमंट'च्या खाली अजून एक ओळ आहे, फिकट शिसपेन्सिलीने. मला त्यातलं एकच अक्षर लागतंय, आणि शेवटी आणे लिहिण्याची खूण आहे असं वाटतं.